एंटर दाबून झाल्यावर: लिनक्सवर चुकून उडवलेल्या फायली परत कशा मिळवायच्या

सांगलीच्या गणपती पेठेतलं एखादं अडतीचं दुकान घ्या, मार्चअखेर, उबंटूवर चालणारा एक जुना डेस्कटॉप. त्यात ‘बेदाणा’ नावाचं एक फोल्डर, शेजारी ‘२०२३’ नावाचं दुसरं, आणि आता नको असलेलं ‘बेदाणा २०२३’ हे तिसरं. टर्मिनल उघडून कुणीतरी फोल्डर काढायची आज्ञा लिहितं:

आरएम -आरएफ बेदाणा २०२३

शेलच्या (टर्मिनलमधली आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी मधली मोकळी जागा म्हणजे दोन वेगळी नावं. ‘बेदाणा’ गेलं, ‘२०२३’ गेलं, आणि जे काढायचं होतं ते ‘बेदाणा २०२३’ मात्र जागच्या जागी. नाव अवतरणात घातलं असतं तर हे झालं नसतं. पण ‘-एफ’ लावल्यावर आरएम विचारत नाही आणि कुरकुरतही नाही.

इथून पुढे काय करायचं ते खाली दिलं आहे. सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या. आरएम, एलएसओएफ, सीपी, डीडी यांतलं एकेक अक्षर सुटं वाचा; ग्रेप, माउंट, स्ट्रिंग्ज हे पूर्ण शब्द. मोठं अक्षर लागतं तिथे तसं म्हटलं आहे.

आधी हात बाजूला

फाईल उडाल्यावर दहातले नऊ जण त्याच मशीनवर ब्राउझर उघडतात, उपाय शोधतात, आणि सापडलेलं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करतात. खरं नुकसान इथे होतं. ब्राउझर प्रत्येक पानाबरोबर होम फोल्डरमध्ये कॅशे लिहितो, आणि तुमची फाईलही त्याच पार्टिशनवर (डिस्कच्या त्याच भागावर) होती. शोधायचं असेल तर फोनवर शोधा. काही इन्स्टॉल करू नका, मशीन रीस्टार्ट करू नका, उघडी असलेली एकही खिडकी बंद करू नका.

कारण समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत होती. कुठलं पेव कुणाचं हे वहीत. वहीतली ओळ खोडली म्हणून पेवातली हळद नाहीशी होत नाही. ते पेव रिकामं समजून दुसऱ्याने त्यात आपली हळद ओतली की मग मात्र खेळ संपला. आरएम फक्त वही खोडतं. फाईलचं नाव डिरेक्टरीत असतं, ते नाव एका आयनोडकडे (फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीकडे) बोट दाखवतं, आणि मजकूर डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत (कप्प्यांत) पडला आहे ते आयनोडला ठाऊक असतं. आरएम नाव काढतं आणि आयनोडवरची नावांची संख्या एकाने कमी करतं. ती शून्यावर आली आणि कुठल्याच प्रोग्रॅमने फाईल उघडी धरलेली नसली, की ते ब्लॉक ‘मोकळे’ म्हणून जाहीर होतात. मजकूर पुसला जात नाही. त्यावर पुढचं लिखाण कधी पडेल याचा भरवसा मात्र नाही.

या वाक्यातली ‘उघडी धरलेली नसली’ ही अट फार मोलाची आहे, तिच्याकडे लगेच वळू. त्याआधी एक मिनिट कचरापेटी बघा. फाईल मॅनेजरमधून काढलेली फाईल होमच्या आतल्या ‘.लोकल/शेअर/ट्रॅश’मध्ये जाते, आणि पेन ड्राइव्हवरून काढलेली त्याच पेन ड्राइव्हवरच्या ‘.ट्रॅश-१०००’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेलं दिसतं. तिथे सापडली तर सुटलात. टर्मिनलमधल्या आरएमचा मात्र कचरापेटीशी काही संबंध नाही.

फाईल कुणी उघडी धरली आहे का

स्प्रेडशीट अजून लिबर ऑफिसच्या खिडकीत दिसत असेल तर प्रश्नच नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ करा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर नको. खिडकी दिसत नसली तरी मागे चालणारा एखादा प्रोग्रॅम फाईल धरून बसलेला असू शकतो: व्हिडिओ प्लेअर, बिलिंगचा डेटाबेस, लॉग लिहिणारी सेवा. ते असं बघायचं (‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालव):

सुडो एलएसओएफ +एल१

इथला ‘एल’ मोठा. ज्यांचं नाव डिरेक्टरीतून गेलं आहे पण फाईल अजून उघडी आहे, तेवढ्याच ओळी ही आज्ञा दाखवते. समजा तुमच्या फाईलच्या ओळीत पीआयडीच्या (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाच्या) रकान्यात ४३२१ आहे आणि एफडीच्या (त्याने उघडलेल्या फाईलच्या क्रमांकाच्या) रकान्यात ‘७यू’. अक्षर सोडा, ७ घ्या, आणि:

सुडो सीपी /प्रोक/४३२१/एफडी/७ /मीडिया/पेन/परत-आलेली

‘प्रोक’ म्हणजे पी, आर, ओ, सी. फाईल जशीच्या तशी, पूर्ण, मिनिटभरात हाती. यापेक्षा सोपी आणि खात्रीची सुटका दुसरी नाही, आणि रीस्टार्ट केलं की नेमकी हीच हातची जाते. प्रोग्रॅम त्या फाईलमध्ये अजून लिहीत असेल तर आधी ‘किल -स्टॉप ४३२१’ द्या, कॉपी झाली की ‘किल -कॉन्ट ४३२१’ (‘स्टॉप’ आणि ‘कॉन्ट’ मोठ्या अक्षरांत). किल हे नाव ऐकून दचकू नका, इथे ते प्रोग्रॅमला मारत नाही, नुसतं थांबवून ठेवतं.

मारियाडीबी या डेटाबेसचं डेटा फोल्डरच उडालं आणि सर्व्हर अजून चालू आहे, असंही होतं. तेव्हा सर्व्हर बंद करायचा नाही, ‘एकदा रीस्टार्ट करून बघू’ तर मुळीच नाही. एलएसओएफच्या यादीत दिसणाऱ्या सगळ्या फायली वरच्या रीतीने बाहेर काढा, आणि शिवाय दुसऱ्या डिस्कवर डंप (डेटाबेसने स्वतः काढून दिलेली प्रत) घेऊन बघा. ज्या टेबलांच्या फायली सर्व्हरने उघड्या धरल्या आहेत त्यांतला बराच डेटा डंपमधून निघू शकतो.

यादीत काहीच सापडलं नाही तर पुढे चला.

डिस्कवरचं लिखाण थांबवा

कुठलं पार्टिशन ते आधी ठरवा. ‘डीएफ -एच’ आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की त्याचं पार्टिशन दिसतं, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए३, आणि ते कुठे जोडलं आहे तेही. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर:

सुडो माउंट -ओ रिमाउंट,आरओ /होम

‘बिझी’ म्हणून नकार आला तर ‘सुडो एफयुजर -व्हीएम /होम’ सांगेल की कोण लिहितंय. होम आणि सिस्टिम एकाच पार्टिशनवर असतील (घरगुती उबंटूत बहुतेक वेळा असतातच) तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून यू दाबा. सगळ्या डिस्का एका झटक्यात ‘फक्त वाचा’ होतात. लॅपटॉपच्या कीबोर्डवर जमत नसेल तर ‘इको यू | सुडो टी /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर’. मग पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा.

एसएसडी असेल तर घाई जास्त. एसएसडीला ट्रिम नावाची सूचना जाते, मोकळे ब्लॉक खरंच रिकामे कर म्हणून. म्हणजे वही खोडून भागत नाही, पेवच उपसलं जातं. उबंटूत हे काम ‘एफएसट्रिम.टायमर’ करतो, आठवड्यातून एकदा, सोमवारी मध्यरात्रीच्या सुमारास. बुधवारी उडालेली फाईल म्हणजे हातात चार-पाच दिवस आहेत असं वाटेल, पण मेख अशी की सोमवारी मशीन बंद होतं तर हा टायमर पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्या झाल्या चालतो. रीस्टार्ट नको म्हणण्याचं हे दुसरं कारण. मशीन चालूच ठेवायचं असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एफएसट्रिम.टायमर’ द्या. माउंटच्या पर्यायांत ‘डिस्कार्ड’ लिहिलेलं दिसलं तर ट्रिम फाईल काढली तेव्हाच गेलेलं असतं. अशा डिस्कवर दोन रात्री घालवण्यात अर्थ नाही, सरळ बॅकअप शोधा.

आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका. वीज काढा. तो बिघाड यंत्राचा आहे, प्रत्येक फेरीगणिक वाढणारा.

आधी नक्कल, मग प्रयोग

मूळ डिस्कवर रिकव्हरी करायची नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स सुरू होतं अशी पेन ड्राइव्ह) तयार करा, त्यावरून आपलं मशीन सुरू करा आणि अख्ख्या पार्टिशनची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या. लाइव्हमध्ये फाईल मॅनेजरच्या बाजूला तुमची डिस्क दिसेल, तिच्यावर क्लिक करू नका. क्लिक केलं की ती लिहिण्यासाठी जोडली जाते. आत डोकावायचंच असेल तर माउंटला ‘-ओ आरओ,नोलोड’ द्या. नुसतं ‘आरओ’ दिलं तर एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) आपला जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवतं, म्हणजे ‘फक्त वाचा’ म्हणूनही थोडं लिहितंच.

नक्कल घ्यायला डीडीपेक्षा डीडीरेस्क्यू बरं. उबंटू-डेबियनमध्ये पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’, आज्ञा ‘डीडीरेस्क्यू’:

सुडो डीडीरेस्क्यू -डी /डेव्ह/एसडीए३ /मीडिया/बाहेर/डिस्क.इमेज /मीडिया/बाहेर/डिस्क.मॅप

आधी कुठून, मग कुठे, शेवटी मॅप फाईल. पहिल्या दोन्हींची अदलाबदल झाली तर उरलंसुरलंही गेलं. एसडीए आणि एसडीबी ही नावं मशीन सुरू करताना बदलू शकतात, त्यामुळे ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल’ (शेवटचे तीन शब्द मोठ्या अक्षरांत) देऊन आकार आणि मॉडेल डोळ्यांनी ताडून घ्या. मॅप फाईलचा फायदा पावसाळ्यात कळतो: अर्ध्यात वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं. डीडी मात्र पुन्हा पहिल्यापासून.

वेळेचा अंदाज: यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरले तर एक टीबीला पावणेतीन तास. त्याच डिस्का यूएसबी २ च्या पोर्टला लावल्या तर आठ-नऊ तास, तेव्हा निळं पोर्ट शोधा. बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीला नक्कल अडते, कारण त्याहून मोठी फाईल तिथे मावतच नाही. एक्सएफएटी किंवा एक्स्ट४ करून घ्या. नक्कल झाली की ‘सीएचमॉड ४४४’ देऊन ती फाईल कुलूपबंद करा.

एक्स्ट४ मधून नावासकट

जुन्या एक्स्ट२ मध्ये काढलेल्या फाईलच्या आयनोडात ब्लॉकांचे पत्ते तसेच राहायचे, म्हणून परत आणणं सोपं होतं. एक्स्ट४ फाईल काढताना आयनोडातली पत्त्यांची यादी रिकामी करतं. मजकूर आहे, पण कुठे आहे ते गेलं. आशा एकच: जर्नल. आयनोड बदलण्याआधीची त्याची प्रत जर्नलमध्ये काही काळ असते. जर्नलचा आकार डिस्कप्रमाणे साधारण १२८ एमबी ते १ जीबी, आणि तो गोल फिरतो. जुन्यावर नवं पडत जातं. कामात असलेल्या मशीनवर त्याचं आयुष्य थोडं.

एक्स्टअनडिलीट हाच जर्नल वाचतं. ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथेच ते ‘रिकव्हर्ड_फाइल्स’ नावाचं फोल्डर बनवतं, म्हणून आधी ‘सीडी’ने बाहेरच्या डिस्कवर जा. मग:

एक्स्टअनडिलीट डिस्क.इमेज --आफ्टर १७११८६३००० --रिस्टोअर-ऑल

‘आफ्टर’नंतरचा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. वरचा आकडा ३१ मार्च २०२४, सकाळी ११ चा आहे, भारतीय वेळेनुसार. तो ‘डेट -डी’ला तारीख देऊन पुढे ‘+%एस’ लावलं की मिळतो; लाइव्ह यूएसबीचं घड्याळ बहुधा यूटीसी असतं, तेव्हा साडेपाच तासांचा फरक लक्षात ठेवा. हा आकडा नाही दिला तर वर्षभरातल्या उडवलेल्या सगळ्या फालतू फायली अंगावर येतात. एकच फाईल हवी असेल तर ‘--रिस्टोअर-फाईल’, पण तिथे पत्ता पार्टिशनच्या मुळापासून द्यायचा. होम वेगळं पार्टिशन असेल तर पत्त्यात ‘होम’ येत नाही. पुष्कळांचं इथे अडतं आणि त्यांना वाटतं फाईल नाहीच.

हे साधन जुनं आहे. नव्या एक्स्ट४ वर मधेच कोसळलं तर त्याच्याशी भांडत बसू नका, पुढचा मार्ग धरा.

मराठी मजकूर शब्दावरून शोधणं

साधी टेक्स्ट फाईल, सीएसव्ही, प्रोग्रॅमचा कोड, एसक्यूएल डंप असं काही असेल तर नाव गेलं तरी मजकूर थेट डिस्कवर शोधता येतो. शब्द शोधणारा ग्रेप इतक्या मोठ्या इमेजवर कधीकधी मेमरी संपली म्हणून थांबतो, कारण मधल्या रिकाम्या भागात ओळच संपत नाही. त्यामुळे:

स्ट्रिंग्ज -ई एस -टी डी डिस्क.इमेज | ग्रेप 'बेदाणा'

यातला ‘एस’ मोठा, आणि तो विसरायचा नाही. त्याच्याशिवाय स्ट्रिंग्ज फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतं, देवनागरी ओलांडून पुढे जातं. डाव्या बाजूला आकडा येईल, समजा ८१९२००१२३४. हा इमेजमधला पत्ता, बाइटमध्ये. ४०९६ ने भागा, २०००००० वा ब्लॉक. थोडं मागून सुरुवात करून तुकडा कापायचा:

डीडी आयएफ=डिस्क.इमेज ओएफ=तुकडा.टीएक्सटी बीएस=४०९६ स्किप=१९९९९९० काउंट=६०

२४० केबीचा तुकडा निघाला. एडिटरमध्ये उघडून आजूबाजूचा कचरा हाताने काढा. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ब्लॉक ४०९६ वर तुटतो, त्यामुळे सांध्यावर एखादं अक्षर प्रश्नचिन्हाचा चौकोन होऊन दिसेल. फाईल खराब नाही, ते अक्षर दोन ब्लॉकांत विभागलेलं आहे एवढंच.

कुठला शब्द शोधायचा यावर सगळं अवलंबून. ‘व्यापाऱ्याचे’ घेऊ नका: ‘ऱ्या’ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या बाइटांनी लिहिलं जातं, दिसायला तेच आणि आत वेगळं. ‘अ‍ॅडव्हान्स’मधल्या ‘अ‍ॅ’चीही तीच गोष्ट. आकडे मराठी होते की इंग्रजी ते आठवून बघा. ‘बेदाणा’, ‘हमाली’, ‘तोलाई’ असे सरळ शब्द घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टात टाइप केलेला मजकूर या रीतीने सापडणारच नाही; पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फाईलमध्ये वेगळेच बाइट असतात. ओडीटी, ओडीएस, डॉकएक्स, एक्सएलएसएक्स याही नाहीत. त्या आतून झिप केलेल्या असतात.

नावं गेली तर गेली: फोटोरेक

त्या फायलींसाठी आणि फोटोंसाठी फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी शेकडो प्रकार ओळखतं. फाईलच्या सुरुवातीच्या ठरावीक बाइटांवरून ते अंदाज बांधतं, फाइलसिस्टिमची वही बघतच नाही. म्हणून नाव नाही, तारीख नाही, फोल्डर नाही. ‘एफ’पुढे एक लांबलचक आकडा, असल्या नावाच्या फायली, पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने ‘रेकप_डिर’ फोल्डरांत.

सुरू करण्याआधी ‘फाईल ऑप्ट’मध्ये जाऊन एस दाबा, सगळ्या खुणा निघतील, मग हवे तेवढेच प्रकार निवडा. ओडीएस आणि एक्सएलएसएक्स हव्या असतील तर ‘झिप’ला खूण करायची, त्या त्याच घराण्यातल्या. पुढे ‘एक्स्ट२/एक्स्ट३/एक्स्ट४’ निवडा आणि ‘होल’ऐवजी ‘फ्री’ घ्या, म्हणजे फक्त मोकळ्या जागेत शोध होतो आणि जिवंत फायलींच्या हजारो प्रती निघत नाहीत.

मग हजारभर निनावी स्प्रेडशीट समोर पडतात. एकेक उघडायची गरज नाही. ओडीएसच्या आत मजकूर ‘कंटेंट.एक्सएमएल’मध्ये असतो, तेव्हा ‘अनझिप -पी’ने तेवढी फाईल बाहेर ओतून ग्रेपला शब्द विचारायचा, आणि हे फॉर लूपमध्ये घालायचं. फोटो असतील तर ‘जेहेड -एन’ त्यांची नावं फोटो काढल्याच्या तारखेवरून बदलून देतं. मोठे व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेले असतात, ते बहुधा अर्धवटच निघतात.

पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड

इथे परिस्थिती बरी असते. एफएटीमध्ये (पेन ड्राइव्ह आणि कार्डांवरच्या जुन्या फाइलसिस्टिममध्ये) फाईल काढली की नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडलं जातं. कुठून सुरू आणि किती मोठी ही माहिती राहते. त्यासाठी टेस्टडिस्क: ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, पार्टिशन, ‘अनडिलीट’. लाल रंगात उडालेल्या फायली दिसतात, विसर्गासारख्या दोन टिंबांनी खूण करायची, मोठ्या सी ने कॉपी करायची. एक्स्ट४ ला मात्र टेस्टडिस्कचं हे ‘अनडिलीट’ उपयोगी नाही, तिथे वेळ घालवू नका. लग्नाचे फोटो उडाले असतील तर कॅमेऱ्यातून कार्ड काढा आणि कडेची बारीक पट्टी ‘लॉक’कडे सरकवा. त्यावर आणखी एक फोटो काढून ‘कार्ड चालतंय का’ बघायचं नाही.

आरएम नव्हतंच, तरी गेलं

‘सॉर्ट यादी > यादी’ केलं आणि यादी रिकामी झाली. शेल आधी उजवीकडची फाईल कोरी करतं, मग सॉर्ट चालतं, त्याला वाचायला काही उरत नाही. जुने ब्लॉक मोकळे झाले आहेत, तेव्हा वरची शब्दशोधाची रीत इथेही चालते. एलएसओएफची नाही, कारण फाईल तीच आहे, पोट रिकामं.

क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी. ‘क्रॉनटॅब -ई’ म्हणायचं आणि ‘क्रॉनटॅब -आर’ झालं. कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी आहेत आणि ‘-आर’ सगळी यादी न विचारता पुसतं. ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉन’मध्ये ‘सीएमडी’ असलेल्या ओळी काढा: कुठली आज्ञा किती वाजता चालली ते सगळं तिथे असतं. दोन-तीन आठवड्यांच्या वेळा बघून यादी पुन्हा लिहिता येते.

‘आरएम -आरएफ /*’ अर्ध्यात कंट्रोल सी ने थांबवलं. फक्त ‘/’ दिलं असतं तर आजचं आरएम स्वतःच नकार देतं, पण ‘/*’ शेलने आधीच सुटं करून दिलेलं असतं, त्यामुळे तो पहारा चालत नाही. शेल ‘/*’ची नावं अकारविल्हे सुटी करतं आणि आरएम त्याच क्रमाने जातं, तेव्हा वरच्या फोल्डरांपैकी काय उरलंय याचा नावावरून अंदाज बांधता येतो. टर्मिनल बंद करू नका, लॉगआउट नको, नवीन लॉगिन बहुधा होणार नाही. एलएस नसेल तर ‘इको *’ यादी दाखवतं. सीडी, इको, रीड हे बॅशच्या (उबंटूच्या नेहमीच्या शेलच्या) पोटातच आहेत, त्यांना फाईल लागत नाही. होम शाबूत आहे का तेवढं बघा. असेल तर लाइव्ह यूएसबीवरून ते बाहेर काढा आणि सिस्टिम नव्याने टाका. तासाभराचं काम आहे, तुटकी सिस्टिम जोडत बसण्यात रात्र जाते.

पुढच्या वेळेसाठी

‘.बॅशआरसी’ या शेलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये आरएमला ‘-आय’ लावायची जुनी पद्धत आहे, तिथे मोठा ‘आय’ लावा. लहान आय प्रत्येक फाईलला विचारतो आणि हाताला न वाचता ‘वाय’ दाबायची सवय लागते. मोठा तीनहून जास्त फायली असतील किंवा फोल्डर असेल तर एकदाच विचारतो. पण ‘-एफ’ मागून आला की तो याला गप्प करतो, हे ध्यानात असू द्या. आरएमच्या नावाखाली कचरापेटी लपवणं आम्हाला पटत नाही: ज्या सर्व्हरवर ती सोय नाही तिथे तुम्ही त्याच बेफिकिरीने एंटर दाबाल. ट्रॅश-सीएलआय टाका आणि ‘ट्रॅश-पुट’ म्हणायची सवय करा.

फाइंडमध्ये ‘-डिलीट’ नेहमी शेवटी. ‘फाइंड . -डिलीट -नेम ...’ लिहिलं तर नाव बघायच्या आत सगळं उडतं. फोल्डरांची नक्कल करणाऱ्या आरसिंकला ‘--डिलीट’ लावत असाल तर आधी ‘-एन’ने कोरडी फेरी घ्या, आणि स्क्रिप्टमध्ये ‘माउंटपॉइंट -क्यू’ने मूळ डिस्क खरंच जोडलेली आहे ना ते तपासा. ती निसटली असेल तर आरसिंकला मूळ फोल्डर रिकामं दिसतं आणि ते इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करतं.

दोन सर्व्हरांची टर्मिनलं शेजारी उघडी असतील तर मुख्य सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल करा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवून देणाऱ्या कंपनीत दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं गेलं. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरेपर्यंत लक्षात आलं नाही. ठरलेले बॅकअप कामाचे निघाले नाहीत, वाचवलं ते सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने.

बॅकअपचंच बोलायचं तर लिनक्स मिंटमधलं बॅकअपचं साधन टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळात घेत नाही, ते सिस्टिमपुरतं आहे. रोज रात्रीचा आरसिंकही पुरेसा नाही, आज उडालेली फाईल उद्या तिथूनही उडते. बोर्ग किंवा रेस्टिक घ्या, त्यात मागच्या तारखांच्या प्रती राहतात. दोन डिस्का ठेवा आणि दर शनिवारी अदलाबदल करा. दुसरी डिस्क त्याच इमारतीत नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या वर गेलं, आणि दुकानातला डेस्कटॉप बहुधा तळमजल्यावर, टेबलाखाली असतो. एक डिस्क तासगावला किंवा मिरजेला कुणाच्या तरी कपाटात राहू द्या. आणि दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअपमधून कुठलीही एक फाईल बाहेर काढून, लिबर ऑफिसमध्ये उघडून, शेवटच्या ओळीतली बेरीज चालू फाईलशी ताडून बघा.